दहा मिनिटे पाठीसाठी

भातलावणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. खाचरात चिखल, वरून पावसाची झड आणि एका ओळीत वाकलेल्या बाया. डाव्या हातात रोपांची मूठ, उजवा हात भराभर चाललेला. मागे मागे सरत ओळ बांधाला टेकते. मग त्यांतली एखादी बाई सरळ होते, दोन्ही हात कमरेवर ठेवते, डोळे मिटून जराशी मागे झुकते आणि म्हणते, "आई गं!"

आता शाळेत चला. गुरुजी तासभर खाली मान घालून वह्या तपासत आहेत. शेवटची वही मिटते. गुरुजी टेबलावर हात टेकून उठतात आणि तेही कमरेवर हात ठेवून मागे झुकतात.

हे त्या बाईला कुणी शिकवले? गुरुजींना कुणी सांगितले? कुणीच नाही. वाकून वाकून थकलेली पाठ आपण होऊनच उलटा बाक मागते. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. पाठ जे मागते ते तिला रोज, थोडे थोडे आणि रीतसर द्यावे. दिवसभर ती एका अंगाला वाकते. तिला दुसऱ्या अंगालाही फिरू द्यावे. याला औषध लागत नाही, पैसा लागत नाही. एक सतरंजी, एक पंचा आणि दहा मिनिटे पुरतात.

तुम्ही म्हणाल, "अहो, वय झालं की कंबर धरायचीच. त्याला काय करणार?" वयाने सांधे थोडे आखडतात हे खरे. पण चाळिशीतल्या धडधाकट माणसाला जमिनीवरून उठताना खांब धरावा लागतो, तो काही निव्वळ वयामुळे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. माणसाला कामातून बसवणाऱ्या दुखण्यांत कंबरदुखीचा नंबर सगळ्यांत वरचा आहे. हातावर पोट असलेल्या घरात लावणीच्या किंवा कापणीच्या आठवड्यात कंबर धरली तर काय होते, ते तुम्हांला मी सांगायला नको. मजुरी बुडते, आणि घरचे काम तर बुडवताही येत नाही.

पाठ कशी बांधलेली आहे

पाठीचा कणा म्हणजे एक सलग दांडा नव्हे. लहान मुलाच्या कण्यात ३३ मणके असतात. मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५. त्याखालचे ५ मोठेपणी जुळून एक त्रिकोणी हाड होते, आणि शेवटचे साधारण ४ मिळून माकडहाड बनते. मानेपासून कमरेपर्यंत दोन दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. अशा गाद्या २३. आपण बोलताना "गादी सरकली" म्हणतो ती हीच. तिचा बाहेरचा भाग चिवट धाग्यांच्या वेढ्यांचा आणि आतला गर पाणीदार, मऊ असतो.

या गादीची एक गंमत आहे. दिवसभर आपण उभे असतो, बसतो, ओझी उचलतो; त्या भाराने गादीतले पाणी थोडे थोडे पिळून निघते. रात्री आडवे झालो की ती पुन्हा पाणी शोषून फुगते. म्हणून माणूस सकाळी रात्रीपेक्षा एखाद-दोन सेंटिमीटर उंच असतो. शिक्षकांनी हा प्रयोग मुलांना घरी करायला जरूर सांगावा. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या भिंतीला टेकून उभे राहायचे, कुणाकडून तरी डोक्याच्या उंचीवर पेन्सिलीची खूण करून घ्यायची. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा तसेच. दोन खुणांतला फरक मुलांना स्वतःच दिसेल.

या गमतीतून एक कामाची गोष्ट निघते. सकाळी गादी फुगलेली असते, त्यामुळे पाठ ताठ वाटते आणि त्याच वेळी खोल वाकले तर गादीवर व तिच्या बंधांवर जास्त ताण येतो. आपल्याकडे तर उठल्याबरोबर वाकण्याचीच कामे पुढे येतात. अंगण झाडा, शेण काढा, धार काढा. तेव्हा उठल्यानंतरचा पहिला तासभर कमरेत खोल वाकणे शक्य तेवढे टाळावे. आखूड केरसुणीऐवजी लांब दांड्याचा खराटा वापरावा. खालची वस्तू घ्यायची तर एक गुडघा टेकून घ्यावी. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सकाळी वाकणे टाळण्याची सवय लावून घेतलेल्या लोकांची जुनी कंबरदुखी कमी झाल्याचे दिसून आले. एवढ्या साध्या उपायाने!

खूप वेळ वाकल्यावर काय होते

आता लावणीच्या किंवा खुरपणीच्या वाकण्याकडे येऊ. वाकायला लागताना पाठीचे स्नायू शरीर तोलून धरतात. पण माणूस पुरता खाली वाकला की हे स्नायू काम सोडून देतात, आणि सगळा भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर व गाद्यांवर पडतो. १९५०च्या दशकातच स्नायूंतील विजेच्या लहरी मोजून शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. म्हणूनच पूर्ण वाकलेल्या अवस्थेत सुरुवातीला आरामसुद्धा वाटतो. पण तो आराम उसना आहे. ओला सुंभ ओझ्याने जसा हळूहळू ताणत जातो, तसे हे बंध ताणत जातात. सुमारे २० मिनिटे कमरेत पूर्ण वाकून राहिल्यावर काय होते ते पुढे मोजले गेले. सरळ झाल्यानंतर पहिल्या दोन मिनिटांत बंध निम्मे सावरतात. पुरते सावरायला अर्धा तासही कमी पडतो.

आता आपल्या शेतात काय घडते ते पाहा. तासभर खुरपणी होते. कुणीतरी हाक मारतो, "अगं, ती पाटी घे गं उचलून!" बाई तशीच उठते, पाटीला हात घालते आणि कमरेत चमक निघते. उसण भरली म्हणतो आपण. दोष पाटीचा नसतो. ढिल्या पडलेल्या बंधांवर एकदम भार टाकला, हे चुकले. म्हणून नियम लक्षात ठेवा. वाकण्याच्या कामानंतर लगेच ओझे उचलू नये. आधी सरळ व्हावे, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे झुकावे, दहा-वीस पावले चालावे, मगच ओझ्याला हात घालावा.

दुसरा नियम पिळण्याचा. कमरेच्या मणक्यांची रचना पुढे-मागे वाकण्यासाठी आहे, पिळण्यासाठी नव्हे. त्यांतला एकेक मणका जेमतेम दोन-तीन अंश फिरतो. युरियाची ४५ किलोची गोणी उचलून पाय जागेवर ठेवून कंबर वळवली, तर तो पीळ कमरेला सोसत नाही. अशा वेळी कंबर न फिरवता पावले फिरवावीत.

आखडलेली पाठ की आखडलेली मांडी?

इथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. पाठ लवचीक करायची म्हणजे उभे राहून, गुडघे ताठ ठेवून, बोटे जमिनीला लावायची, असे पुष्कळांना वाटते. शाळेतही आपण मुलांना तसेच करायला लावतो. पण बोटे जमिनीला न लागण्याचे कारण बऱ्याच वेळा पाठीत नसतेच. ते मांडीच्या मागच्या बाजूला असते.

करून पाहा. भिंतीला पाठ लावून जमिनीवर पाय लांब करून बसा. गुडघे आपोआप वर येतात काय? कंबर भिंतीपासून पुढे सरकून पाठीला कुबड येते काय? तसे होत असेल तर मांडीमागचे स्नायू आखूड झाले आहेत. हे स्नायू वरच्या टोकाला बैठकीच्या हाडाला बांधलेले असतात आणि खालच्या टोकाला गुडघ्याच्या पलीकडे. बैलाचा कासरा आखूड धरला की त्याला मान खाली घालता येत नाही. तसेच इथे होते. मांडीचा हा कासरा आखूड असला की खुब्यातून पुढे झुकता येत नाही. मग खुब्याच्या वाटणीचे वाकणे बिचाऱ्या कमरेच्या पाच मणक्यांवर येऊन पडते.

म्हणून पाठीची काळजी घ्यायची तर दोन कामे करावी लागतात. पाठीला सर्व अंगांनी हळूवार फिरवायचे आणि खुबा व मांडी मोकळी करायची. पुढे दिलेले सात व्यायाम याच हिशेबाने निवडले आहेत. त्यांतले काही तुम्हांला आसनांच्या नावाने माहीत असतील. आपल्या महाराष्ट्रात या विद्येची शास्त्रीय चिकित्सा फार पूर्वीच सुरू झाली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली, आणि योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते ते क्ष-किरणांसारख्या साधनांनी तपासून पाहिले. जुने आहे म्हणून स्वीकारायचे नाही आणि जुने आहे म्हणून टाकायचेही नाही, ही त्यांची दृष्टी आपणही ठेवू.

सुरू करण्यापूर्वी

वेळ संध्याकाळची बरी. काम संपलेले असते आणि अंग उबदार असते. सकाळीच करायचे असेल तर उठल्यावर तासभर जाऊ द्यावा आणि आधी पाच मिनिटे चालून घ्यावे. जेवल्यावर लगेच करू नये. जमिनीवर सतरंजी किंवा घोंगडी अंथरावी. गुबगुबीत गादीवर हे व्यायाम नीट होत नाहीत.

ताण कळला पाहिजे, कळ येता कामा नये. हिसका देऊ नये. जिथे ताण जाणवेल तिथे थांबावे, श्वास चालू ठेवावा आणि मनात सावकाश वीस ते तीसपर्यंत आकडे मोजावेत. श्वास कोंडावा लागला तर समजावे की आपण जास्त ताणले. असे का? तर पहिल्या काही आठवड्यांत स्नायू खरोखर लांब होतात असे नाही. ताण सोसण्याची मज्जातंतूंची तयारी तेवढी वाढते. नव्या माणसाला बिचकणाऱ्या वासराला जसे रोज जवळ जाऊन, गोंजारून सवय लावतात, तसेच हे आहे. हिसका दिला की वासरू दावे तोडते आणि स्नायू अधिकच आखडतो.

सात व्यायाम

पहिला : कंबर टेकवणे. पाठीवर निजा. गुडघे दुमडून तळवे जमिनीवर ठेवा. कमरेखाली हात घालून बघा, थोडी पोकळी असते. आता बेंबी आत ओढून ती पोकळी बुजवा, म्हणजे कंबर सतरंजीला टेकवा. पाच आकडे थांबा, सोडा. असे दहा वेळा. हालचाल अगदी छोटी आहे, बघणाऱ्याला कळायचीसुद्धा नाही. पण दिवसभर जखडलेली कंबर इथून जागी होते.

दुसरा : गुडघा छातीशी. तसेच निजून उजवा गुडघा दोन्ही हातांनी मांडीमागून धरून छातीकडे आणा. डावा पाय दुमडलेलाच राहू द्या. डोके उचलू नका. वीस आकडे मोजा आणि पाय बदला. प्रत्येक पायाने दोनदा. पवनमुक्तासनाचा हा सोपा प्रकार. कमरेचा खालचा भाग आणि बैठक यांत ताण जाणवेल.

तिसरा : गुडघे डावीकडे, उजवीकडे. दोन्ही गुडघे दुमडलेले, एकमेकांना चिकटलेले. हात दोन्ही बाजूंना पसरा. गुडघे सावकाश डावीकडे झुकवा, मध्ये आणा, मग उजवीकडे. खांदे जमिनीला टेकलेलेच राहतील एवढेच जा. प्रत्येक बाजूला दहा वेळा. मघाशी मी पिळण्याला मनाई केली ती ओझ्यासकट पिळण्याला. निजून, बिनओझ्याचा असा हलका पीळ पाठीला सुखावतो.

चौथा : मांजराचा बाक. गुडघे आणि तळहात टेकून ओणवे व्हा, लहान मुले घोडा घोडा खेळतात तसे. श्वास सोडत पाठ वर उचला, हनुवटी खाली. मांजर झोपेतून उठल्यावर करते तो हा बाक. मग श्वास घेत पाठ खाली झोकवा आणि समोर पाहा. दोन्ही मिळून एक. असे आठ-दहा वेळा, सावकाश. यालाच मार्जारासन म्हणतात. सगळ्या सातांत निवड करण्याची वेळ आली तर हा सोडू नका. इथे पाठीवर उभ्या शरीराचा भार नसतो आणि कणा दोन्ही अंगांनी फिरतो.

पाचवा : कोपरांवर उठणे. पालथे निजा. कोपरे खांद्यांच्या खाली टेकवून छाती उचला. कंबर सैल सोडा, बेंबी जमिनीवरच राहू द्या. वीस-तीस आकडे थांबा आणि परत या. तीन वेळा. भुजंगासनाची ही पहिली पायरी. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला हवा असलेला उलटा बाक तो हाच.

या व्यायामाची एक हकीकत आहे. १९५६ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहरात रॉबिन मॅकेन्झी नावाच्या व्यायामोपचारतज्ज्ञाने एका रुग्णाला पलंगावर पालथे निजायला सांगितले. त्या पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली होती, हे कुणाच्या लक्षात आले नाही. रुग्ण तसाच पाठ मागे वाकवून पाच मिनिटे पडून राहिला. मॅकेन्झी येऊन बघतात तर हा प्रकार! ते घाबरले. पण रुग्ण म्हणाला, "गेल्या तीन आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं." त्याच्या पायातली कळ गेली होती. पुढे मॅकेन्झींनी यावरच एक उपचारपद्धती उभी केली. तिच्यातला एक नियम आपण घेऊ. व्यायाम करताना पायातली कळ वर सरकून कमरेपाशी येत असेल तर वाट बरोबर आहे. कमरेतली कळ खाली पायात उतरत असेल तर तो व्यायाम तिथेच थांबवावा. काही वयस्कर माणसांना मागे वाकल्यावर पायात कळ किंवा मुंग्या येतात आणि पुढे झुकल्यावर बरे वाटते. त्यांनी हा पाचवा आणि पुढचा सातवा व्यायाम सोडून द्यावा.

सहावा : पंच्याने पाय ताणणे. पाठीवर निजा. डावा गुडघा दुमडलेला. उजव्या तळव्याला पंच्याचा फास घाला, दोन्ही टोके हातात धरा आणि पाय वर उचला. गुडघा थोडा वाकलेला राहिला तरी चालेल. मांडीमागे ताण जाणवला की थांबा, तीस आकडे मोजा. दोन्ही पायांनी दोन दोन वेळा. मघाचा आखूड कासरा लांब करायचा आहे तो इथे. उभ्याने वाकण्यापेक्षा ही रीत चांगली, कारण पाठ जमिनीवर विसावलेली राहते आणि ताण फक्त मांडीला मिळतो.

सातवा : उभ्याने मागे झुकणे. पाय खांद्यांइतके फाकून उभे राहा. दोन्ही तळहात कमरेवर, बोटे खाली. गुडघे ताठ ठेवून सावकाश मागे झुका, दोन आकडे थांबा, सरळ व्हा. पाच वेळा. झाले. हीच ती लावणीतल्या बाईची गोष्ट. हा व्यायाम शेतात, वर्गात, ट्रॅक्टरवरून उतरल्यावर, एसटीतून दूरचा प्रवास करून उतरल्यावर, कुठेही करता येतो.

पहिला आठवडा सगळे निम्म्या संख्येने करा. दुसऱ्या आठवड्यापासून सांगितल्याप्रमाणे. एखाद्या दिवशी चुकले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. पाठ असला हिशेब मानत नाही. दीड-दोन महिने नेम राखला की पहिला फरक चपला घालताना कळेल. सूर्यनमस्कार करण्याची इच्छा असेल तर ती त्यानंतर. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले, हा इतिहास शिक्षकांना ठाऊक आहेच. तो व्यायाम उत्तम खरा. पण त्यात पाय ताठ ठेवून खोल वाकावे लागते. आखडलेल्या पाठीने पहिल्याच दिवशी तिकडे धाव घेऊ नये.

शेतात आणि शाळेत

दहा मिनिटांचा व्यायाम उरलेल्या दिवसाची चूक पुसून टाकत नाही. म्हणून कामाची रीतही थोडी बदलावी. लावणी-खुरपणीत दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी मिळून सरळ व्हावे आणि पाच वेळा मागे झुकावे. एकटी बाई थांबली तर मुकादम बोलतो. सगळी ओळ थांबली तर अर्ध्या मिनिटाने काही बिघडत नाही. जिथे जमते तिथे बैठ्या खुरप्याऐवजी उभ्याने चालवायचे सायकल-कोळपे वापरावे. वाकायचेच तर गुडघे किंचित सैल सोडून, बैठक मागे काढून खुब्यातून वाकावे, पाठीची कमान करू नये. ओझे अंगाजवळ धरावे.

शिक्षकांना एक विनंती. कवायतीच्या तासाला मुलांत बोटे टेकवण्याची शर्यत लावू नका. लवचीकपणा प्रत्येकाचा वेगळा असतो. हिसके मारून तो वाढत नाही. त्याऐवजी मांजराचा बाक आणि उभ्याने मागे झुकणे हे दोनच व्यायाम घ्या. मुलांना ते आवडतात, आणि मुले ते घरी आईला, आजीला शिकवतात. दप्तराकडेही लक्ष असू द्या. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर-धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त असू नये असे म्हटले आहे. तीस किलोच्या मुलाला तीन किलो, एवढेच. दुकानदाराच्या काट्यावर एकदा वर्गाची दप्तरे तोलून पाहा.

हे मात्र करू नका

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीवर लाथ मारून घेण्याची चाल होती. अजूनही कुठे कुठे आहे. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्या लाथेत कसलाही गुण नाही. बहुतेक उसण काही दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय लाथेला मिळते. पण हाडे ठिसूळ झालेल्या म्हातारीचा मणका अशा लाथेने पिचू शकतो. पाठीवर मूल नाचवणे, कडाकडा मोडून घेणे, हेही त्यातलेच.

दुसरी चूक याच्या अगदी उलट. कंबर धरली की आठ-आठ दिवस अंथरूण धरायचे. पूर्वी डॉक्टरही तसे सांगत. पण १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी शहरात कंबर धरलेल्या लोकांची तुलना केली गेली. ज्यांनी सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवले ते अंथरुणात पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. इतकेच नव्हे, नुकती कंबर धरली असताना मुद्दाम व्यायाम केलेल्यांपेक्षाही ते बरे राहिले. तेव्हा ऐन उसणीत ताणाचे व्यायाम नकोत. हलके चालावे-फिरावे, कळ ओसरली की मग पहिल्या व्यायामापासून सुरू करावे. जुन्या कंबरदुखीला मात्र व्यायाम हाच मुख्य उपाय होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही व्यायामाची शिफारस आहे.

आणि काही वेळा व्यायाम बाजूला ठेवून थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे लागते. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा लघवी तुंबणे, मांड्यांच्या आतला भाग बधिर होणे, पाऊल लुळे पडणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जावे. झाडावरून किंवा माळ्यावरून पडल्यावरचे दुखणे. तापाबरोबरची, वजन उतरत असतानाची किंवा रात्री निजल्यावर वाढत जाणारी पाठदुखी. हीही अंगावर काढू नये. क्षयरोग केवळ फुप्फुसांनाच होतो असे नाही, तो मणक्यालाही होतो. वेळेवर ओळखला तर औषधांनी तो बरा होतो, आणि सरकारी केंद्रात ही औषधे मोफत मिळतात. गरोदर बायांनी पालथे निजण्याचा व्यायाम करू नये. बाकीचेही डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारूनच करावेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ताणाच्या व्यायामाने सगळी कंबरदुखी पळून जाते असे नाही. चालणे, पोटापाठीचे स्नायू बळकट करणे, पुरेशी झोप, हे सर्व त्याच्या जोडीला लागते. पण आखडलेला माणूस चालायलाही कंटाळतो. पाठ मोकळी झाली की बाकीच्या गोष्टींचा मार्ग आपोआप मोकळा होतो.

तेव्हा आज संध्याकाळी एक करा. सतरंजी अंथरा आणि घरातल्या सगळ्यांत जास्त वाकणाऱ्या माणसाला आधी बोलवा. बहुतेक घरांत ती घरधनीण असेल. "थांबा, भाकऱ्या व्हायच्यात," असे ती म्हणेल. भाकऱ्या दहा मिनिटे उशिरा झाल्या तरी कुणी उपाशी राहणार नाही. चुलीपुढून तिला उठवा, आणि हे सात व्यायाम तिच्याबरोबर तुम्हीही करा.